रिलेशनल म्हणजे नातेवाइकी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण डेटाबेस, म्हणजे संगणकात रचून ठेवलेला माहितीसाठा, या विषयावर पानभर लेख छापलात. मराठीत असा लेख आला याचाच आनंद झाला, म्हणून दोनदा वाचला. पहिल्यांदा चहाबरोबर, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. (पुस्तकात पेन्सिल चालवणाऱ्या वाचकांना मी आयुष्यभर दंड केला, वर्तमानपत्राला तो नियम लागू नाही.) दोन वाक्यांखाली रेघ ओढली आणि पत्र लिहायला बसले.

पहिलं वाक्य असं, की यातले तक्ते एकमेकांशी नातं जोडतात म्हणून त्याला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. दुसरं असं, की सोप्या भाषेत सांगायचं तर ही एक भलीमोठी एक्सेल शीट समजा. पहिलं चुकीचं आहे, पण त्याने कुणाचं काही बिघडत नाही. दुसरं मात्र आमच्या वाचनालयाने पावणेदोन वर्षं भोगलं आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात १९८१ पासून २०१६ पर्यंत होते. आधी सहायक, मग ग्रंथपाल. संगणकाची पदवी माझ्याकडे नाही. पस्तीस वर्षं नोंदी ठेवल्या आणि बिघडलेल्या नोंदी निस्तरल्या, तेवढ्या भांडवलावर बोलते आहे.

आधी नावाचं. रिलेशन हा शब्द इथे गणितातून आला. कॉलेजात संचांच्या पाठोपाठ 'संबंध' नावाचा धडा येतो, क्रमित जोड्यांचा. त्यातलाच हा संबंध. सभासद क्रमांक, नाव, पत्ता अशा ठरलेल्या रकान्यांत बसलेली एक ओळ, आणि अशा ओळींचा संच, म्हणजे रिलेशन. म्हणजे तक्ता स्वतःच रिलेशन असतो, शेजारच्या तक्त्याशी त्याची ओळखदेख नसली तरी. आणि तो संच आहे म्हटल्यावर दोन गोष्टी ओघानेच येतात. तीच ओळ त्यात दोनदा येत नाही (बाजारातली सॉफ्टवेअरं या नियमाला ढील देतात, पण मूळ नियम हा), आणि कोणती ओळ आधी, कोणती नंतर, याला काही अर्थ नसतो. आमच्याकडे सभासद क्रमांक १ ज्या घराण्याकडे आहे त्यांना हे पटवणं अवघड जाईल. त्यांचं कार्ड पहिलं दिसलं नाही तर ते अध्यक्षांना फोन करतात.

ही कल्पना मांडली एडगर कॉड यांनी. जन्माने इंग्रज, ऑक्सफर्डला गणित शिकलेले, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक, पुढे अमेरिकेत आयबीएम या संगणक कंपनीत. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत असताना १९७० साली त्यांनी तो निबंध प्रसिद्ध केला. त्याचं पहिलंच वाक्य अशा अर्थाचं आहे, की माहिती यंत्राच्या पोटात कशी रचून ठेवली आहे हे माहीत करून घेण्याची पाळी वापरणाऱ्यावर येता कामा नये. तोवर ती येत होती. आयबीएमचीच आयएमएस नावाची प्रणाली होती, अपोलो चांद्रमोहिमेच्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळायला तयार झालेली. ती माहिती झाडासारखी ठेवायची. डहाळीवरचं पान हवं असेल तर खोडापासूनची वाट प्रोग्राम लिहिणाऱ्याला पाठ हवी, आणि झाडाची ठेवण बदलली की जुने प्रोग्राम भलत्याच फांदीवर जाऊन बसायचे.

मला हे वाचताना आमचे शिपाईमामा आठवले. मी नोकरीला लागले तेव्हा कपाटांना कुलपं असायची आणि कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात हे फक्त मामांच्या डोक्यात. मामा शेतीच्या कामाला रजेवर गेले की अर्धं वाचनालय रजेवर. पुढे आम्ही दोन वर्षं खपून सूचीची कार्डं केली. त्या दिवसापासून वाचकाला मामांच्या डोक्यात शिरायची गरज उरली नाही, आणि मामांनाही कपाटं हवी तशी हलवायची मोकळीक मिळाली. कॉडनी संगणकात केलं ते हेच, फक्त आमच्याहून फार वरच्या पातळीवर आणि गणिताच्या आधाराने. १९८१ साली त्यांना संगणकशास्त्रातला मोठा मानाचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मी मामांच्या हाताखाली धूळ झटकायला शिकत होते.

आता एक्सेल. पण त्याआधी वह्या सांगायला हव्यात, नाहीतर आमचं काय हरवलं ते कळणार नाही.

वाचनालयात मुख्य वह्या तीन. दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीला एक दाखल क्रमांक मिळतो. शीर्षकाला नव्हे, प्रतीला. एकाच कादंबरीच्या पाच प्रती आल्या तर पाच क्रमांक. पुस्तक फाटलं, हरवलं, बाद झालं तरी तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही, लाल शाईने शेरा मारायचा. सभासद नोंदवहीत तसाच सभासद क्रमांक. आणि तिसरी देवघेवीची वही. या तिसऱ्या वहीत आम्ही वाचकाचं नाव लिहीत नव्हतो आणि पुस्तकाचंही नाही. सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, तारीख, संपलं. नाव हवं असेल तर त्या त्या वहीत बघा. माझ्या आधीच्या ग्रंथपालबाईंनी पहिल्याच आठवड्यात ताकीद दिली होती, "नावं लिहीत बसलीस तर संध्याकाळची रांग स्टँडपर्यंत जाईल." त्यांचा हेतू हात वाचवण्याचा होता. त्याने चुकाही वाचतात हे मला पुढे कळलं.

हिशेबाच्या वह्यांतही हेच. रोजकीर्दीत 'खा. पा.' असा एक अरुंद रकाना असतो, खाते पानाचा. रकमेचा पुढचा इतिहास कीर्दीत लिहायचा नसतो. खतावणीतल्या कोणत्या पानावर तो आहे एवढाच आकडा टाकायचा.

आणि देवघेवीची ब्राउन पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना तर लेखणीही लागली नसेल. वाचकाचं तिकीट म्हणजे जाड कागदाचा छोटा खिसा, त्यावर वाचकाची माहिती. पुस्तकात एक कार्ड, त्यावर पुस्तकाची माहिती. पुस्तक दिलं की त्याचं कार्ड काढून वाचकाच्या खिशात सरकवायचं आणि ती जोडी तारखेच्या पट्टीमागे उभी करायची. पुस्तक परत आलं की जोडी फुटली, कार्ड पुस्तकात, खिसा वाचकाच्या हातात. कोणाकडे काय आहे हे सांगणारी नोंद तयार झाली आणि त्यासाठी एक अक्षरही पुन्हा लिहावं लागलं नाही. दोन तक्त्यांतल्या ओळी अशा जुळवण्याला संगणकवाले जॉइन म्हणतात, आणि याहून सुंदर जॉइन मी संगणकात पाहिलेला नाही.

संगणकवाले ज्याला प्रायमरी की म्हणतात, म्हणजे ओळीची नेमकी ओळख पटवणारी किल्ली, तो आमचा दाखल क्रमांक. फॉरेन की म्हणजे देवघेवीच्या वहीत उतरवलेला तोच क्रमांक, दुसऱ्या वहीतून आलेला पाहुणा. आणि एक गोष्ट एकाच वहीत लिहायची, बाकी सगळीकडे फक्त तिचा क्रमांक, या शिस्तीला ते नॉर्मलायझेशन म्हणतात. तिच्या पायऱ्या आहेत, पहिली, दुसरी, तिसरी आणि पुढेही. परीक्षेला बसणाऱ्यांनी त्या पाठ कराव्यात. मला एवढंच कळतं, की ओळीतली प्रत्येक गोष्ट त्या ओळीच्या क्रमांकाबद्दलच बोलत असली पाहिजे. देवघेवीच्या ओळीत वाचकाचा फोन नंबर आला तर तो त्या देवघेवीबद्दल काहीच बोलत नाही, वाचकाबद्दल बोलतो. मग त्याची जागा तिथे नाही.

२००८ साली आमच्याकडे संगणक आला. कार्यवाह उत्साही माणूस. वह्या बांधून माळ्यावर टाकल्या आणि हुकूम निघाला, सगळं एका ठिकाणी दिसलं पाहिजे. एकच शीट. प्रत्येक देवघेवीला एक ओळ, आणि त्या ओळीत सभासदाचं नाव, पत्ता, फोन, पुस्तक, लेखक, प्रकाशक, किंमत, दिल्याची तारीख, आल्याची तारीख. पहिला महिनाभर सगळ्यांना फार कौतुक होतं. मलाही होतं, खोटं कशाला बोलू.

मग एक निवृत्त मुख्याध्यापक पेठेतलं घर सोडून कॉलनीत राहायला गेले. गुरुजी रोज एक पुस्तक नेणारे, त्यामुळे त्यांच्या नावाच्या शे-दीडशे ओळी. पत्ता साठेक ओळींत बदलला आणि तेवढ्यात कुणीतरी वर्गणी भरायला आलं. मुदत संपल्याची पत्रं सहा महिने जुन्या घरी जात राहिली. नवा भाडेकरू ती गुरुजींना नेऊन द्यायचा, म्हणून निभावलं.

दिवाळीत वेगळीच अडचण. अंक आले, पण शीट देवघेवीची. ज्याला अजून कुणी नेलं नाही त्याला ओळच नाही! नोंदवायचा कसा? मग मीच शक्कल लढवली आणि प्रत्येक नव्या अंकापुढे वाचक म्हणून स्वतःचं नाव टाकलं. मार्चमध्ये वार्षिक सभेसाठी 'सर्वाधिक वाचन करणारे सभासद' अशी यादी काढली, तर पहिली मी. प्रशस्तिपत्र छापायला गेलं होतं, ते थांबवलं.

पुढे शीट जड झाली म्हणून एका तात्पुरत्या मुलाने वाचनालय सोडून गेलेल्या सभासदांच्या ओळी काढून टाकल्या. काम चोख केलं. पण जी पुस्तकं फक्त त्याच सभासदांनी नेली होती ती त्या ओळींबरोबर संगणकातून नाहीशी झाली. नाहीशी झालेली पुस्तकं कोणती असणार? जी कुणी वाचत नाही ती, म्हणजे नेमकी जुनी आणि पुन्हा न मिळणारी. ग्रंथपडताळणीला बसलो तेव्हा व्याकरणाचे सहा ग्रंथ कपाटात होते आणि दप्तरी नव्हते. माणूस हजर आणि हजेरीपटावर नाव नाही, तसं.

बदलताना होणारा घोळ, नवं घालताना होणारा घोळ, काढताना होणारा घोळ. डेटाबेसच्या पाठ्यपुस्तकांत या तिन्हींना नावं आहेत. आम्ही नावं माहीत नसताना तिन्ही करून पाहिले.

चौथा घोळ पुस्तकात सापडला नाही, तो आमचा स्वतःचा. एका दुपारी लेखकांची नावं अकारविल्हे लावायची होती. मुलाने फक्त लेखकांचा रकाना निवडला. यंत्राने इंग्रजीत काहीतरी विचारलं, की बाकीचे रकानेही बरोबर हलवू का. त्याने घाईत नको म्हणून सांगितलं आणि जतन करून घरी गेला. लेखक सगळे अकारविल्हे लागले, पुस्तकं होती तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी पाककृतीच्या पुस्तकाचं लेखकपद एका संतकवींकडे गेलेलं होतं आणि इंजिन दुरुस्तीचं पुस्तक एका कवयित्रींच्या नावावर. आम्ही आधी हसलो. मग माळ्यावरून दाखल नोंदवही काढली आणि १८ हजारांवर पुस्तकं पुन्हा जुळवायला बसलो.

हे एक्सेलवर मी फोडत नाही. ते यंत्र हिशेबाचा कागद म्हणून उत्तम आहे. गणपतीच्या वर्गणीची यादी करायला डेटाबेस उभारणारा माणूस वेडाच म्हणायचा. पण त्या कागदावर प्रत्येक चौकट स्वतंत्र असते, शेजारच्या चौकटीशी तिचं काही देणंघेणं नसतं. तक्त्यातली ओळ म्हणजे एक अखंड विधान असतं: या क्रमांकाची प्रत या शीर्षकाची आहे, या तारखेला दाखल झाली, हिची किंमत एवढी. त्यातला एक शब्द उचलून दुसऱ्या विधानात सरकवता येत नाही.

आणि चुका फक्त तालुक्याच्या गावी होतात असंही नाही. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत करोनाचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून वगळले गेले. माहिती जुन्या पद्धतीच्या एक्सेल फायलींतून पुढे जात होती; त्या फायलीत ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत, आणि जे मावलं नाही ते गुपचूप गळलं. त्यामुळे त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही उशिरा सुरू झाला. म्हणून म्हणते, 'भलीमोठी एक्सेल शीट' हे वाक्य सोपं असेल, पण ते शिकणाऱ्याला चुकीच्या दाराशी नेऊन सोडतं.

आम्हाला बाहेर काढलं ते अभ्यासिकेत बसणाऱ्या एका मुलाने. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. मी शीट दाखवली तर म्हणाला, "बाई, तुमच्या जुन्या वह्या दाखवा." वह्या पाहिल्यावर म्हणाला, "डिझाइन तर तयारच आहे की." त्याच्या तोंडून हे ऐकताना मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

तरी सगळं वह्यांत नव्हतं. पहिला वाद किल्लीवरून. त्याने विचारलं, सभासदाला क्रमांकच कशाला, नाव आणि जन्मतारीख मिळून ओळख पटत नाही का? मी त्याला नोंदवही उघडून दाखवली. आमच्या भागात एका आडनावाची निम्मी वाडी असते, आणि साठीच्या पुढच्या कितीतरी माणसांची जन्मतारीख १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी जी लिहिली ती. एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, १ जूनला जन्मलेले दोन चुलतभाऊ आमचे सभासद होते. शिवाय बायकांचं काय? कॉलेजात असताना कार्ड काढलेली मुलगी लग्नानंतर माहेरपणाला येते तेव्हा नाव बदललेलं, आडनाव बदललेलं, क्वचित सासरच्यांनी पहिलं नावही बदललेलं. तिचा सभासद क्रमांक मात्र तोच, आणि तिने बारावीत वाचलेली पुस्तकंही त्याच क्रमांकावर. बदलू शकतं त्याला किल्ली करू नये, हे मी त्याला शिकवलं. तो म्हणाला पुस्तकाला तरी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला जागतिक क्रमांक, घेऊ. पण तो आकडा आवृत्तीचा असतो, पाच प्रतींवर पाचही ठिकाणी तोच. २००७ साली तो दहा आकड्यांचा तेरा आकड्यांचा झाला. आणि आमच्या जुन्या संग्रहावर तो छापलेलाच नाही. शेवटी दाखल क्रमांकच राहिला.

लेखकांच्या बाबतीत मात्र तो शहाणा निघाला आणि आमच्या वह्या कच्च्या. आम्ही पुस्तकावर छापलेलं नाव जसंच्या तसं उतरवायचो. कवितेच्या कपाटात कुसुमाग्रज आणि नाटकाच्या कपाटात वि. वा. शिरवाडकर, इकडे आरती प्रभू आणि तिकडे चिं. त्र्यं. खानोलकर. माणूस एकच, नोंदी दोन. त्याने लेखकांचा वेगळा तक्ता केला, प्रत्येकाला क्रमांक दिला आणि टोपणनावं त्या क्रमांकाला जोडली. मग प्रश्न आला दोन लेखकांच्या पुस्तकाचा. आपल्या लेखातल्या आकृतीत अशा वेळी एकाच चौकटीत स्वल्पविराम देऊन दोन नावं लिहिली आहेत. तसं केलं की दुसऱ्या लेखकाच्या नावाने शोधणाऱ्याला ते पुस्तक धड सापडत नाही. लेखक १ आणि लेखक २ असे रकाने करावेत, तर कथासंग्रह येतो चौदा लेखकांचा. उत्तर साधं आहे: मध्ये तिसरा तक्ता, ज्यात फक्त पुस्तकाचा क्रमांक आणि लेखकाचा क्रमांक. एका पुस्तकाचे चौदा लेखक असतील तर चौदा ओळी. त्या तक्त्यात एकही नाव नाही, एकही शब्द नाही, आणि तरी सगळी माहिती त्यातच.

उत्साहाच्या भरात त्याने गल्ल्यांचाही वेगळा तक्ता काढला होता, पेठांचा वेगळा, गावांचा वेगळा. तो मी बंद करायला लावला. आमच्याकडे 'मारुतीच्या देवळामागे' हा पूर्ण पत्ता आहे.

रिकाम्या चौकटीवरून आणखी एक संध्याकाळ गेली. न भरलेल्या जागेला तिथे नल म्हणतात. मला आधी दमयंती आठवली, पण उदाहरण अगदीच वाईट नाही. वेश पालटलेला नळ समोर उभा असला तरी तो कोण हे सांगता येत नाही. फोनचा रकाना रिकामा आहे म्हणजे काय? फोन नाही, की आम्ही विचारला नाही, की त्यांनी द्यायला नको म्हटलं? आधीच्या शीटमध्ये कुणी शून्य टाकलं होतं, कुणी रेघ, आणि एकाने दहा वेळा ९. नलचा अर्थ ठाऊक नाही एवढाच, म्हणून दोन नल एकमेकांना समान धरत नाहीत. दोन सभासदांचे फोन माहीत नसले म्हणजे त्यांचा फोन एकच असं होत नाही. मला हे लगेच पटलं, कार्यवाहांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मराठीचा एक त्रास वेगळा सांगते, कारण इंग्रजी पुस्तकात तो मिळणार नाही. 'ॲड.' हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. एक सलग ॲ, जो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरयादीत, २००८ साली आला. दुसरा अ लिहून त्यावर चंद्र दिलेला. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. आमच्या गावातले निम्मे वकील शोधात सापडायचे आणि निम्मे नाहीत. शेवटी पदव्यांचा रकानाच नावापासून वेगळा केला.

आणि मग या नव्या रचनेत संध्याकाळची ती रांग लागेनाशी झाली. मुदत संपलेली पुस्तकं कुणाकडे आहेत हे पूर्वी शनिवारची दुपार खायचं. आता सांगायचं, की देवघेवीतून आल्याची तारीख रिकामी असलेल्या आणि दिल्याला पंधरा दिवस उलटलेल्या ओळी घे, सभासद क्रमांकावरून नाव आण, दाखल क्रमांकावरून शीर्षक आण. कसं शोधायचं ते सांगायचं नाही, काय हवं ते सांगायचं. यंत्राला असं सांगण्याची भाषाही आयबीएममध्येच जन्मली, १९७४ साली, डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांच्या हातून. आधी तिचं नाव सीक्वेल होतं, ते दुसऱ्या कुणाचं व्यापारचिन्ह निघालं म्हणून एसक्यूएल झालं. बॉइस त्याच वर्षी अगदी तरुणपणी गेले.

पण मला सगळ्यांत आवडतो तो यंत्राचा नकार. सभासद सोडून जाताना अनामत परत मागतो. पूर्वी गर्दीत एखाद्याला बेबाकी दिली जायची आणि तीन पुस्तकं त्याच्या घरी राहायची. आता त्याच्या नावावर एक जरी पुस्तक बाकी असेल तर सभासदाची ओळ काढताच येत नाही. यंत्र म्हणतं, या क्रमांकाकडे देवघेवीतली एक ओळ बोट दाखवते आहे, आधी ती मिटवा. कार्यवाहांचा भाचा असला तरी तेच म्हणतं. मी हे पस्तीस वर्षांत म्हणू शकले नव्हते.

दंडाची रक्कम घेतानाही तसंच. ती सभासदाच्या खात्यातून कमी व्हायला हवी आणि रोजकीर्दीत जमा व्हायला हवी. एक झालं आणि दुसऱ्याच्या आधी वीज गेली तर? आमच्याकडे तो प्रश्न कल्पनेतला नाही. दोन्ही मिळून एकच व्यवहार धरायचा, झाला तर दोन्ही झालं, नाहीतर दोन्हीही नाही. याला ट्रान्झॅक्शन म्हणतात, आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखच नव्हता. बँकेवर विसंबणाऱ्या वाचकांना तो भाग आधी सांगायला हवा होता.

जिज्ञासूंनी कोहा ही मोफत मिळणारी ग्रंथालय प्रणाली उघडून पाहावी. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात २००० साली ती सुरू झाली. आतमध्ये शीर्षकांचा तक्ता वेगळा, प्रतींचा वेगळा, वाचकांचा वेगळा, देवघेवीचा वेगळा. आमच्या तीन वह्या आणि वर एक.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी त्या आकृतीतली स्वल्पविरामाची चौकट तेवढी दुरुस्त करून छापावी. मुलं अशा आकृत्या कापून वहीत चिकटवतात.

आणि एक घरगुती विनंती, वितरण विभागापर्यंत पोचवावी. आपल्या वार्षिक वर्गणीची आठवण मला दरवर्षी दोन पत्रांनी येते, एक 'श्रीमती' म्हणून आणि एक 'सौ.' म्हणून. सहा वर्षांपूर्वी मी बदल कळवला होता. तो एका यादीत झाला, दुसरीत राहिला. दोन्ही पत्रांवर वर्गणीदार क्रमांक एकच आहे. म्हणजे किल्ली ठीक आहे, नाव तेवढं दोन ठिकाणी लिहून ठेवलेलं दिसतं.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, जि. सांगली

(नाव-पत्ता सोबत कळवला आहे, पण छापू नये. छापल्यास वाचनालय कोणतं ते ओळखू येईल, आणि आमचे त्या वेळचे कार्यवाह आपलाच पेपर घेतात.)